मार्च ते मिरग: क्षाराच्या पाण्यावर गच्चीतली बाग कशी टिकवायची?

गच्चीवरलं_माळवं, परभणी

नमस्कार मंडळी,

घर परभणीत. गच्ची २० बाय ३० फूट, पश्चिमेला कसलाच आडोसा नाही, त्यामुळं दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत ऊन थेट. मोगऱ्याच्या चार कुंड्या (१२ इंची, प्लास्टिकच्या), जास्वंदीच्या तीन, रंगाच्या २० लिटरच्या काळ्या बादलीत कढीपत्ता, सिमेंटच्या वृंदावनात तुळस आणि १५ बाय १५ इंचाच्या आठ ग्रो बॅगा. बॅगांतली मेथी-पालक संपत आली, टोमॅटो आणि वांगी उभी आहेत. माती शेतातली काळी, निम्मं शेणखत घालून. पाणी बोअरचं, मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ११०० दाखवतो. नळाचं पाणी आठ दिवसांआड येतं, ते पिण्या-स्वयंपाकालाच पुरतं.

मार्चचा पहिला आठवडा आहे आणि आत्ताच लक्षणं दिसायलीत. मोगऱ्याची आणि कढीपत्त्याची शेंड्याकडची पानं पिवळी पडायलीत, शिरा मात्र हिरव्या. कुंड्यांच्या काठाला पांढरा थर. पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं, तरी दुपारी झाड मान टाकतं. तुळशीची खालची पानं काळी पडून गळायलीत.

रोज संध्याकाळी गच्चीत मोगऱ्याचा वास यावा, देवाला घरची फुलं आणि फोडणीला घरचा कढीपत्ता मिळावा, एवढीच अपेक्षा आहे. मिरगापर्यंत हे कसं टिकवावं? रोज किती पाणी लागेल? आणि उन्हाळ्यात कोणतं माळवं लावावं?

काळी_माती, लातूर

तुमची निम्मी अडचण मातीतच आहे, म्हणून आधी मातीचंच बोलू.

आपली काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत नाही. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात त्यानं भेगा पडतात. कुंडीत मातीचा गड्डा आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतो आणि सगळीकडून बोटभर फट पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. तुम्हाला वाटतं कुंडी भिजली, गड्डा आतून कोरडाच राहतो. "लगेच खालून निघून जातं, तरी मान टाकतं" याचं कारण हेच. आज करायचा उपाय: मोगऱ्याची एकेक कुंडी टबात ठेवा, टबात कुंडीच्या पाऊण उंचीपर्यंत पाणी भरा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत राहू द्या. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. मग निथळायला ठेवा आणि काठाची फट शेणखत-वाळूच्या मिश्रणानं दाबून बुजवा.

मेथी-पालकाच्या बॅगा रिकाम्या होतील तेव्हा मिश्रणच बदला. घमेल्यानं मोजा: काळी माती २, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३, कोकोपीट ३, विटांचा भरडा किंवा जाड वाळू २. बॅगेला दोन मुठी निंबोळी पेंड. विटांचा चुरा चाळून घ्या, वाटाणा-हरभऱ्याएवढे तुकडे ठेवा, पीठ फेकून द्या. ते पीठ मातीत गेलं की गारा होतो. कोकोपीटची ५ किलोची वीट २५ ते ३० लिटर पाण्यात फुगवली की ७० लिटरच्या आसपास माल होतो. ते फुगवल्यावर दोनदा पिळून पाणी टाकून द्या, कारण त्यातही मीठ असतं. आपल्याकडं पाण्यातलं मीठ आधीच जास्त आहे, त्यात आणखी भर नको.

शेणखत कुजलेलं आहे का, हे मुठीत दाबून आणि वास घेऊन कळतं. शेणाचा वास आला किंवा हाताला कोमट लागलं तर ते कच्चं. कच्चं खत मार्चमध्ये घातलं तर मुळं भाजतात आणि हुमणीची अळीही त्याच खतातून कुंडीत येते. खत चाळताना पांढरी, अर्धगोल वळलेली अळी दिसली तर सगळं खत दोन दिवस उन्हात पातळ पसरा, मगच वापरा.

वजनाचाही विचार करा. १५ बाय १५ ची बॅग साधारण ४० लिटरची. त्यात काळी माती भरून भिजवली की ६५-७० किलो होते. वर सांगितलेल्या मिश्रणानं बरीच हलकी. राहत्या घराची गच्ची साधारण चौरस मीटरला १५० किलो भार धरून बांधलेली असते. चार जड बॅगा एकत्र ठेवल्या की तो आकडा मागं पडतो. बॅगा कठड्याला लागून, तुळईच्या रेषेवर ठेवा, स्लॅबच्या मध्यात दाटी नको.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मे महिन्यात झाडाच्या शेंड्यापेक्षा त्याचं मूळ जास्त भाजतं. काळी प्लास्टिकची बादली पश्चिमेच्या उन्हात असली की भिंतीलगतची माती ४५ अंशांच्या पुढं जाते, आणि बारीक पांढरी मुळं तर भिंतीलगतच असतात. कढीपत्त्याची बादली तशीच ठेवू नका. बाहेरून पांढरा रंग द्या किंवा पांढरं पोतं दुहेरी गुंडाळा. प्रत्येक कुंडी दोन विटांवर उचला, म्हणजे तापलेला स्लॅब खालून चटका देणार नाही आणि भोकंही मोकळी राहतील. कुंड्या सुट्या सुट्या न ठेवता घोळक्यात ठेवा: पश्चिमेकडं मोठ्या बॅगा, त्यांच्या सावलीत मोगरा, अगदी आत लहान कुंड्या.

वर आच्छादन दोन इंच. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, वाळलेला पाला, जे मिळेल ते. भुसकट मातीत मिसळू नका, वरच अंथरा. मिसळलं तर ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि झाड महिनाभर पिवळं राहतं. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर तिथं वाळवी येते.

अंगणवेल, सेलू

काळी_माती यांनी सविस्तर सांगितलंच आहे. पिवळ्या पानांसाठी चुलीतली राख आणि अंड्याची टरफलं कुटून घालून बघा. कढीपत्त्याला ताक द्यावं असंही म्हणतात. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा किडा दिसला तर लगेच आवरा, तो फार पसरतो.

हिराकस, जालना

अंगणवेल ताई, किड्याबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर शेवटी लिहितो. पण राख आणि टरफलं इथं नकोत.

राख घालायचा सल्ला कोकणातल्या तांबड्या, आम्ल मातीला लागू पडतो. आपली माती आधीच अल्कधर्मी, पीएच साधारण ७.५ ते ८.५, वर चुनखडी. राखेचं पाणी तर पीएच १० च्याही पुढचं. अंड्याचं टरफल म्हणजे पुन्हा चुनखडीच. बोअरच्या पाण्यातूनही चुना येतो. चुन्यात चुना वाढवला की मातीतलं लोह आणखी अडकतं, आणि परभणीकरांच्या मोगऱ्यावर दिसतोय तो केवडा (पानं पिवळी पडण्याचा रोग) नेमका लोहाच्या कमतरतेचा आहे.

पानं नीट पाहिली की कारण कळतं. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. खालची जुनी पानं सरसकट पिवळी, तर नत्र. पानांच्या कडा आणि टोकं तपकिरी होऊन वाळली, तर क्षार. माती ओली असूनही झाड मान टाकतंय, तर मुळं कुजलीत किंवा भाजलीत. अशा झाडाला आणखी पाणी घालणं म्हणजे त्याला मारणं.

लोहासाठी दोन वाटा आहेत. लवकर फरक हवा असेल तर फवारणी: १ लिटर पाण्याला ३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड). लिंबूसत्व आधी विरघळवा, मग हिराकस टाका. द्रावण फिकट हिरवं दिसलं पाहिजे. तांबूस-तपकिरी झालं तर लोह गंजलं, ते टाकून द्या. या फवारणीला शक्यतो पावसाचं किंवा एसीचं पाणी घ्या. दिवस मावळताना पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा, ८ ते १० दिवसांच्या अंतरानं तीनदा. जुनं पिवळं पान पूर्ण हिरवं होईलच असं नाही, नवीन पान कसं येतं ते पाहा. फरशीवर सांडलं तर गंजाचे डाग पडतात, खाली पोतं अंथरा. फवारलेला कढीपत्ता आठवडाभर खुडू नका आणि नंतर धुऊनच वापरा.

टिकाऊ उपाय मातीतून. पण साधं हिराकस आपल्या मातीत टाकलं की चुनखडीत चार दिवसांत अडकून बसतं. दुकानात चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह) मागताना पुडीवर "ईडीडीएचए" लिहिलंय का बघा. "ईडीटीए" लिहिलेलं स्वस्त असतं, पण जास्त पीएचच्या मातीत ते टिकत नाही. ईडीडीएचए गडद तांबडं दिसतं. लिटरला १ ग्रॅम, प्रत्येक कुंडीला १ लिटर, संध्याकाळी, माती ओली असताना. महिन्यानं पुन्हा एकदा.

ताकानं नुकसान नाही, पण त्याचा उपयोग लोक समजतात तेवढा नाही. द्यायचंच तर बिनमिठाचं, एका वाटीला दहा वाट्या पाणी, पंधरा दिवसांतून एकदा. घट्ट ओतलं तर वर साय धरते, मुंग्या आणि चिलटं येतात. त्यापेक्षा बोअरच्या १० लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्व मिसळून आठवड्यातून एकदा मोगरा, कढीपत्ता आणि जास्वंदीला द्या. पाण्यातला चुना त्यानं मोडतो. पीएचच्या कागदी पट्टीवर ६.५ च्या आसपास आलं की पुरे, त्याखाली नेऊ नका.

आता तो पांढरा किडा म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याला मुंग्या एका फांदीवरून दुसरीवर नेतात, म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय तो जात नाही. कुंडीच्या विटा पाण्यानं भरलेल्या ताटलीत ठेवा, दर दोन दिवसांनी ते पाणी बदला. ढेकूण थोडे असतील तर जुन्या दातांच्या ब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा. जास्त असतील तर १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि २ मिली भांड्यांचा द्रव साबण. साबण आधी तेलात घोटा, मग पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगून शेवटच्या फवाऱ्यात एकदम येतं आणि पान जळतं. उन्हात तर मुळीच नको.

थेंब_थेंब, अंबाजोगाई

पाण्याचा हिशोब मांडतो, कारण मराठवाड्यात बाग पाण्याच्या हिशोबावरच उभी राहते.

११०० टीडीएस म्हणजे लिटरमागं १.१ ग्रॅम क्षार. एका १५ इंची बॅगेला रोज २ लिटर, ९० दिवस, म्हणजे १८० लिटर. पाणी उडून जातं, क्षार बसतो: जवळजवळ २०० ग्रॅम. एका बॅगेत पाव किलोला थोडं कमी एवढं मीठ! काठाचा पांढरा थर हे त्याचं वर आलेलं टोक आहे. म्हणून "रोज थोडं थोडं शिंपडणं" ही सवय सगळ्यात वाईट. त्यात क्षार कधीच वाहून जात नाही. रोज माफक द्या, पण दर पंधरवड्याला एकदा इतकं द्या की घातलेल्याच्या चौथा हिस्सा खालून बाहेर पडेल. ते निघालेलं पाणी पुन्हा कुंडीत घालू नका आणि ताटलीत साचू देऊ नका. काठाचा थर चमच्यानं वरच्या अर्धा इंच मातीसकट खरवडून फेका, तिथं गांडूळखत भरा. मिरगाचा पाऊस लागला की ताटल्या काढून सगळ्या कुंड्या उघड्यावर ठेवा, दोन-तीन मोठ्या पावसांत माती धुऊन निघते.

घरातलं कोणतं पाणी चालतं? डाळ-तांदूळ-भाज्या धुतलेलं उत्तम. एसीचं गळतं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, सोनं समजून बादलीत धरा. बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळलं की टीडीएस साडेपाचशेवर येतो. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी कुंडीला नको, त्यात क्षार मूळ पाण्याहूनही जास्त. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही नको. पाणी उडत राहतं, आपण वरून भरत राहतो, आणि खाली राहतं ते मिठाचं पाणी. पुष्कळ जण तेच काढून झाडांना घालतात आणि मे महिन्यात पानं का जळाली ते कळत नाही. कपडे धुतलेलं पाणी कुंडीत नको. जमिनीत केळ किंवा कर्दळ असेल तर अंघोळीचं पाणी तिकडं वळवा.

रोजचा अंदाज, एप्रिल-मेचा: १५ इंची बॅगेला २ ते अडीच लिटर, १२ इंची मोगऱ्याला दीड, जास्वंदीला दीड, कढीपत्त्याला दीड ते दोन, तुळशीला अर्धा. तुमच्या सगळ्या बागेला जास्तीत जास्त ३३-३५ लिटर. वर सावलीची जाळी आणि मातीवर आच्छादन असेल तर याहून कमी. पण आकडा बघून ओतू नका, बोट बघून ओता: दोन पेरं खोल बोट घाला, ओल लागली तर त्या दिवशी नाही.

वेळ सकाळी सातच्या आत. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी संध्याकाळी पाचला हाताला चटका देतं, ते मुळांवर ओतायचं नाही. संध्याकाळी द्यायचं असेल तर सकाळीच बादलीत काढून सावलीत झाकून ठेवा.

ठिबक करायचं असेल तर २०० लिटरचा पिंप तीन-साडेतीन फुटांच्या घोडीवर, तोंडाला १२० मेशचा जाळीचा फिल्टर, १६ मिमीची नळी आणि प्रत्येक कुंडीला एक साधा ड्रिपर. तो "पीसी" प्रकारचा घेऊ नका. त्याला चांगला दाब लागतो, पिंपाच्या दाबावर तो नीट चालत नाही. साध्या ड्रिपरवर ४ लिटर लिहिलेलं असलं तरी इतक्या उंचीवरून तो तासाला सव्वा लिटरच देतो. दहा मिनिटं पेल्यात धरा, मिली मोजा, सहानं गुणा. त्यावरून वेळ ठरवा. क्षारानं ड्रिपर बुजतात. महिन्यातून एकदा सगळे काढून रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात टाका (लिटरला दोन चमचे), सकाळी फुंकून बसवा आणि नळीचं शेवटचं टोक उघडून मिनिटभर पाणी सोडा.

त्याहून सोपं आणि विजेशिवाय चालणारं म्हणजे गाडगं. भाजीच्या बॅगेत मधोमध दीड-दोन लिटरचं बिनरंगाचं गाडगं मानेपर्यंत पुरायचं, तोंडावर पणती पालथी झाकायची म्हणजे डास होत नाहीत. दर दुसऱ्या दिवशी भरायचं. मुळं गाडग्याला मिठी मारतात आणि लागेल तेवढंच ओढतात. पण घरातला जुना माठ फोडून-तोडून वापरू नका, क्षारानं त्याची भोकं बुजलेली असतात. नवं घ्या, पाणी भरून सावलीत ठेवा. संध्याकाळपर्यंत बाहेरून ओलं झालं नाही तर ते पाझरणार नाही, परत करा.

आणि मिरगाच्या आधी पन्हळाला एक टाकी जोडून ठेवा. तुमची गच्ची ६०० चौरस फूट, म्हणजे ५५ चौरस मीटरला थोडं जास्त. १० मिमी पाऊस पडला तरी गळती-उडती सोडून ४४०-४५० लिटर हाती येतं. पहिली दहा मिनिटं वाहू द्या, धूळ आणि पक्ष्यांची घाण जाते. टाकी झाकलेली, काळी. उजेड लागला की शेवाळ धरतं.

गच्चीवरलं_माळवं, परभणी

मंडळी, मनापासून आभार. कूलरचं पाणी मोगऱ्यालाच जायलं होतं, ते आजपासून बंद. आता तीन गोष्टी विचारतो: मोगरा आत्ता छाटला तर चालेल का? जाळी कितीची आणि कशी बांधावी? आणि तुळशीचं काय करावं?

शुभ्र_कळी, नांदेड

मोठी छाटणी डिसेंबर-जानेवारीतली, ती वेळ गेली. आत्ता फुटभर खाली उतरवू नका, हलकी करा. मोगऱ्याला कळी नव्या फुटीवरच येते, म्हणून प्रत्येक फांदीचा वरचा तिसरा हिस्सा, पानांच्या जोडीच्या अर्धा सेंटिमीटर वर, धारदार कात्रीनं कापा. वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या बुडातून काढा. आधी केवडा आवरायला हिराकसचं एक फवारणं करा, आठ दिवसांनी छाटा. छाटल्यावर चार-पाच दिवस पाणी थोडं आखडतं ठेवा, मग वरची इंचभर माती हलवून कुंडीमागं दोन मुठी शेणखत, अर्धी मूठ निंबोळी पेंड. पाच-सहा आठवड्यांत कळी दिसली पाहिजे. फुलांचा एक बहर संपला की फुलून गेलेली टोकं पुन्हा दोन पानं खाली खुडा, पुढचा बहर येतो. युरिया देऊ नका. पानं हिरवीगार आणि कळी नाही, असं होतं.

मोगऱ्याला सकाळचं चार-पाच तास ऊन हवंच. सरसकट जाळीखाली ढकललात तर वेल लांबत जाईल आणि फूल येणार नाही. पूर्वेच्या कठड्याला ठेवा, दुपारनंतर सावली पडेल असं.

एप्रिलमध्ये दोन त्रास. कळ्या जांभळट होऊन जाळ्यांत गुंतल्या तर आत अळी आहे. तशा कळ्या रोज खुडून साबणाच्या पाण्यात टाका, तिथंच टाकल्या तर अळी मातीत जाऊन पुन्हा येते. पानं धुळकट, निस्तेज झाली आणि खाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. त्याला कोरडी हवा मानवते. सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोराचा फवारा, तीन दिवस सलग. यासाठी पाण्यात विरघळणारं गंधक देतात, पण पारा ३५ च्या वर असताना गंधकानं पान करपतं, म्हणून आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ते वापरूच नका.

५ टक्के निंबोळी अर्क दोन्हींवर चालतो: वाळलेल्या निंबोळ्या ५० ग्रॅम जाडसर कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी फडक्यातून गाळा, पाणी घालून १ लिटर करा, चिमूटभर साबण. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी उपयोग नाही. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली सापडतात. गर धुऊन, सावलीत वाळवून, सुती पिशवीत वर्षाची बेगमी करून ठेवा.

काळी_माती, लातूर

जाळी हिरवी, ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी. ७५ ची भाज्यांना अंधारी पडते. होळीच्या सुमारास बांधायची, मिरगात काढायची. उंची किमान सात-आठ फूट; डोक्याला टेकेल इतकी खाली बांधली तर तिच्याखाली गरम हवा कोंडते. वरून पूर्ण आणि पश्चिमेला पडद्यासारखी खाली सोडलेली, पूर्व मोकळी. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वळीव येतो आणि जाळी शिडासारखी फुगते. म्हणून कठड्याला सुतळीनं बांधू नका. चारही कडा दुमडून शिवा, दर दोन फुटांवर कडी लावा, ती जीआय तारेत ओवा आणि तार भिंतीतल्या खिळ्यांना ताणा. एक बाजू मात्र ओढून गोळा करता येईल अशी ठेवा. आभाळ भरून आलं की दोन मिनिटांत जाळी आवरता आली पाहिजे. फक्त गारांचं आभाळ असेल तर ताणलेलीच राहू द्या, झाडं वाचतात.

माळव्याचं सांगतो. टोमॅटो काढून टाका. पारा ३५ च्या वर गेला की फूल गळतं, मे महिन्यात ते नुसतं पाणी पितं. वांगं ठेवा, फुटभर उंचीवर छाटून सावलीकडं सरकवा, पावसात जोमानं फुटतं. रिकाम्या बॅगांत आता भेंडी, गवार, चवळी, तांदुळजा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून बॅगेत दोनच रोपं ठेवा आणि एकदिवसाआड बोटाएवढी असतानाच तोडा. एक जरी जून झाली तरी झाड पुढं धरत नाही. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो विषाणू, झाड उपटून बाहेर. गवारीला खत कमी घाला, नाहीतर पालाच वाढतो. तांदुळज्याचं बी राखेसारखं बारीक असतं, चिमटीभर बी मूठभर वाळूत मिसळून फोका, २५-३० दिवसांत दोन इंच बुडखा ठेवून कापा, पुन्हा येतो. कोथिंबीर या उन्हात लगेच डोंगळ्यावर (फुलावर) जाते. फोडणीपुरती हवीच असेल तर धने रगडून दोन फाका करा, बारा तास भिजवा आणि जाळीखाली उथळ पाटीत लावा.

अंबाडी मिरगाचीच. आणि दोन बॅगा दसऱ्यानंतर हरभऱ्याला ठेवा. शेंडे खुडले की फांद्या फुटतात, महिना-सव्वा महिन्यात भाजी सुरू होते, आणि वेळ अमावास्येच्या भज्जीला घरचा पाला घालता येतो.

अंगणवेल, सेलू

राखेचं नवीन कळलं, धन्यवाद. तुळशीचं मी सांगते.

सिमेंटच्या पुष्कळ वृंदावनांना तळाला भोकच नसतं. रोज तांब्याभर पाणी घातलं जातं, ते खाली साचतं, मुळं कुजतात. खालची काळी पानं त्याचीच. वृंदावन हलवायची गरज नाही. तुळस दहा इंची मातीच्या कुंडीत लावा, वृंदावनात चार इंच खडी अंथरून कुंडी त्यात बसवा आणि वृंदावनाच्या बुडालगत गवंड्याकडून एक इंचाचं भोक पाडून घ्या. पूजेचं पाणी पळीनं द्या, उरलेलं तांब्यातलं जास्वंदीला. हळद-कुंकू आणि अक्षता कुंडीच्या काठावर किंवा समोरच्या ताटलीत वाहा, मातीत नको. दिव्याचं तेल मातीत सांडू देऊ नका. दूधही नको, मुंग्या लागतात. मंजिरी हिरवी असतानाच खुडत राहा. बी धरलं की तुळस म्हातारी होते. खुडलेल्या मंजिऱ्यांतल्या चार-दोन वाळवून ठेवा, मिरगात रोपं होतात.

कढीपत्त्याचं एक राहिलं. पानं ओरबाडू नका, फांदीच कात्रीनं कापा, कापल्या जागी दोन फुटवे येतात. फूल दिसलं की खुडा. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसली तर ती लिंबावरच्या फुलपाखराची, पुढं हिरवी होते आणि दोन दिवसांत फांदी बोडकी करते. हातानं उचलून टाकायची, फवारणीची गरजच नाही, आणि जे रोज खायचं त्यावर ती नसलेलीच बरी.

गच्चीवरलं_माळवं, परभणी

सगळं वहीत उतरून घेतलं. शेवटचं एकच: मोगरा कधी तोडावा? सकाळी तोडला तर पूजेपर्यंत पिवळा पडायला लागतो.

शुभ्र_कळी, नांदेड

फुललेला तोडू नका, कळी तोडा. पांढरीशुभ्र, फुगलेली, पण तोंड मिटलेली कळी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास देठासकट खुडा. हिरवट झाक असलेली राहू द्या, ती तोडल्यावर उमलत नाही. ओल्या सुती फडक्यात सैल गुंडाळून पाटीत ठेवा, पाण्यात बुडवू नका, पाकळीवर तपकिरी डाग येतात. रात्री आठ-नऊला घरभर वास सुटतो आणि सकाळी देवासाठी फूल ताजं असतं. गजरा करायचा तर कळीचाच ओवा, केसांत माळल्यावर उमलतो. पिण्याच्या माठात दोन-चार फुलं टाकायची असतील तर एक कुंडी वेगळी ठेवा, तिच्यावर हिराकस, निंबोळी, साबण काहीच फवारायचं नाही, आणि फुलं धुऊन टाका, सकाळी काढून घ्या.